एक पडवळ जास्त

गेल्या हिवाळ्यात सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी मी परसात जायचे आणि मांडवाला लोंबणारी पडवळं मोजायचे. सात. सातच असायला हवी होती, कारण वेलाची ताकद वाटून जाऊ नये म्हणून बाकीची आम्ही कोवळी असतानाच खुडून टाकली होती. एखादं कमी भरेल या धास्तीनं मी मोजायचे. उंदरानं कुरतडलं असेल, फळमाशीनं डंख मारला असेल, देठ सुटून खाली पडलं असेल. सहा भरली तर छाती कशी बडवायची याचीसुद्धा तयारी झाली होती. आणि एका सकाळी आठ भरली.

पुन्हा मोजली. आठच. खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला. एका रात्रीत एवढं लांब फळ म्हणजे शेणखताचा विजयच की! बघायला पुढं गेले. आठवं पडवळ इतरांपेक्षा बारीक होतं, जास्त हिरवं होतं, आणि त्याच्या टोकाला आम्ही बांधतो तो दगड नव्हता. वारा पडलेला होता, तरी ते हळूच डुलत होतं. मी मान वाकडी करून त्याच्या टोकाकडे बघितलं, तर टोकानं मान उचलून माझ्याकडे बघितलं.

हरणटोळ. चाबकासारखा बारीक, टोकदार तोंडाचा हिरवा साप. आमच्या भागात त्याच्याबद्दल एकच गोष्ट लहानथोरांना पाठ असते: तो फांदीवर दबा धरून बसतो, खालून माणूस गेला की झेप घेतो आणि थेट टाळू फोडतो. कुणाची टाळू फोडली हे कुणीच सांगत नाही. पण लहानपणी आंब्याखालून जाताना आम्ही सगळ्या पोरी डोक्यावर दोन्ही हात ठेवून पळालेल्या आहोत.

आरोळी ठोकण्याच्या बाबतीत गावात माझं नाव आहे. एकदा नुसत्या पालीपायी मी अशी ओरडले होते की रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. त्या सकाळी मात्र आवाज फुटायच्या आत मीच तोंडात पदर कोंबला. कारण आत आमचे फौजी दाढी करत होते, आणि साप त्यांच्या कानावर गेला असता तर दुपारपर्यंत मांडव भुईसपाट झाला असता.

फौजी म्हणजे माझा नवरा. सैन्यातून निवृत्त होऊन आले, ऊस बघायला लागले, इथवर ठीक होतं. मग त्यांनी पांढरी गाडी घेतली. गाडी उन्हात तापते म्हणून तिला पत्र्याचं शेड पाहिजे, आणि फाटकातून सरळ आत आलं की जिथं शेड शोभेल नेमका तिथं माझा मांडव.

"वेलाचं काय करायचं?" मी विचारलं.

"पडवळ बाजारात मिळतंय की."

शेजारच्या दारात तांदूळ निवडत बसलेली माझी थोरली जाऊ तिथूनच म्हणाली, "भावजी, गाडी बी बाजारातच मिळाली न्हवं?"

घरात मला खोली आहे, शेतात वाटा आहे असं म्हणतात. पण माझी जागा कुठली म्हणाल तर ती मांडवाखालची. दुपारी तिथं मी आणि जाऊ बसतो. भाजी निवडायची, दोन घरांतल्या सगळ्यांच्या नकला करायच्या, हसून हसून ठसका लागला की पाणी प्यायचं. तिथं कुणी हाक मारून काम सांगत नाही, कारण आम्ही तिथं काम करतोय असंच सगळ्यांना वाटतं. ही जागा जाणार म्हटल्यावर मी आष्ट्याच्या बाजाराइतका गोंगाट केला. शेवटी फौजींनी सगळ्यांसमोर शब्द दिला: "ह्या वर्षी साताऱ्याच्या प्रदर्शनात तुमच्या पडवळाचा नंबर आला, तर मांडव ऱ्हाईल. न्हाई आला, तर दुसऱ्या दिवशी जेसीबी. फौजीचा शब्द हाय."

त्याच्या आदल्या वर्षी आम्ही साताऱ्याहून हात हलवत आलो होतो. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला सुतळीनं दगड बांधतात. दगड जड झाला तर फळ तुटतं, हलका झाला तर टोक शेपटीसारखं वर वळतं, म्हणून वाढेल तसा तो बदलत राहायचा. आम्ही शहाण्यांनी टेम्पोत आडवा बांबू बांधून त्याला पडवळ टांगलं, पण टोकाचा दगड सोडलाच नाही. प्रवासातही सरळ राहील, अशी अक्कल. पहिल्या स्पीड ब्रेकरला दगडानं झोका घेतला आणि टोक घेऊन गेला.

तर ही अशी सगळी बाजी लावून ठेवलेली, आणि वर हा पाहुणा.

जावेला मी आक्का म्हणते. ती माणदेशातली. मेंढरांच्या मागं वाढलेली, लांडग्याला नावानं हाका मारेल अशी बाई. मी तिला हाताला धरून मांडवाखाली आणलं आणि तोंडानं न बोलता नुसती हनुवटी वर केली. तिनं बघितलं. बघता बघता तिचा हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर गेला, तेव्हा माझा उरलासुरला धीर गेला.

"गप," ती पुटपुटली. "कुणाला बोलू नगंस."

"आक्का, त्यो झेप घेतोय म्हणं."

"घिऊ दे की. तुज्या घरात हेल्मेट हाय न्हवं?"

अशा रीतीनं मी मोटरसायकलचं हेल्मेट घालून पडवळाची सेवा करायला लागले. आक्कानं पातेलं उपडं घातलं आणि वरनं पदर घेतला. हसू येतंय ना? मलाही आत्ता लिहिताना येतंय. पण तुम्ही त्या खड्ड्यात उतरून बघा. आमचं सगळ्यात लांब पडवळ जमिनीला टेकायला आलं होतं, म्हणून त्याच्या खाली खड्डा खणला होता, आणि दगड बदलायचा तर त्या खड्ड्यात गुडघे टेकून बसावं लागायचं. हेल्मेटच्या आत स्वतःचाच श्वास भात्यासारखा ऐकू येतो. सुतळीची गाठ सुटता सुटत नाही, कारण बोटं गारठलेली असतात, आणि ती थंडीनं गारठलेली नसतात. वर बघायचं नाही, असं मी ठरवलेलं. पण वर न बघता मानेच्या मागं जे जाणवतं त्याला काय करायचं? एखादं वाळकं पान जरी खांद्यावर पडलं तरी मी सुतळी सोडून खड्ड्याबाहेर असायचे.

फौजींनी एकदा खिडकीतून बघितलंच. "हे काय सोंग?"

"मेंदी लावलीय केसाला. ऊन लागू ने म्हणून."

"आन् वहिनींनी?"

"त्यांनी बी."

"हेल्मेट खराब झालं तर बघ," एवढं बोलून गेले. दोन बायकांनी रोज सकाळी मेंदी का लावावी, हा प्रश्न ज्याला पडत नाही अशा माणसाशी लग्न झाल्याचे फायदे असतात.

मोबाईलवर शोधून मी एका सर्पमित्राला फोन लावला. न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून.

"ताई, हरणटोळ घाबरण्यासारखा नसतो. विष अगदी सौम्य."

"सौम्य म्हंजे किती?"

"हाताला चावला तर थोडी सूज येईल."

"आन् टाळूला?"

"टाळूला कशाला चावेल तो?"

"लोकं म्हणत्यात."

"लोकांचं सोडा. तो सरडे खातो. मी येऊन घेऊन जाऊ का?"

येऊ नका म्हणाले. तो आला असता मोटरसायकलवर, त्याच्या मागं अर्धं गाव, सगळ्यांच्या हातात मोबाईल, आणि सगळ्यांत पुढं आमचे फौजी. त्याच्या शास्त्रावर माझा विश्वास बसला नव्हता असं नाही. दिवसा, स्वयंपाकघरात, भाकरी थापताना पुरता बसला होता. खड्ड्यात गुडघे टेकले की उठून जायचा.

त्यातच फौजी एका दोस्ताला घेऊन परसात आले. आमच्याकडे कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं की ते कुजतं नाही तर झडतं. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. फौजींना हे पटत नाही. त्यांनी बंदूक रोखल्यासारखं बोट रोखलं आणि म्हणाले, "ही सगळी सोड गड्या. ते मधलं बघ, हिरवंगार. अजून कोवळं हाय, पर नंबर काढणार तर तेच."

ते पडवळ नव्हतं.

मी आणि आक्का दारात गोठून उभ्या. दोस्त डोळे बारीक करून म्हणाला, "लय नाजूक दिसतंय." मग दोघं चहाला आत गेले. आक्का माझ्या कानाशी लागली. "बरं झालं. बोट दावलंय, आता झडंल."

"झडलं तर खालीच पडंल न्हवं, आक्का?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि त्या दिवसापासून पातेल्याऐवजी मोठा टोप वापरायला घेतला.

असं करत करत प्रदर्शनाची सकाळ आली. मी पळतच मांडवात गेले आणि मोजली. सात. वाटलं चुकलं. पुन्हा सात. आठ भरली होती त्या सकाळपेक्षा मी जास्त घाबरले. रोज तो दिसायचा, म्हणजे कुठं आहे ते तरी कळायचं. आता तो नव्हता, म्हणजे सगळीकडे होता. दोरीवरच्या लुगड्यात होता, खड्ड्यात होता, माझ्या चपलेत होता.

"गेला असंल," आक्का म्हणाली, पण टोप काढला नाही.

फौजी गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होते. आक्कानं खालून दोन्ही हातांवर पडवळ तान्ह्या पोरासारखं तोललं, मी स्टुलावर चढून वेलाच्या कांडीसकट देठ कापला. सुतळी सोडली, दगड सोडला. मधोमध चिरलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपात ओलं गोणपाट अंथरलं, त्यात ते निजवलं. वरनं गारवा हवा म्हणून आक्कानं घाईघाईनं मांडवाचा पाला ओढून काढला, चांगला कवळाभर, आणि पडवळावर पसरला. पाइप गाडीत बसेना. पुढची डावी सीट आडवी पाडली, तेव्हा काचेपासून मागच्या सीटपर्यंत कसाबसा मावला. आम्ही दोघी फौजींच्या मागं, एकमेकींच्या मांडीवर म्हटलं तरी चालेल.

पेठ नाका ओलांडून हायवेला लागलो तेव्हा आक्का हळूच म्हणाली, "पाला तोडताना तू वर बघितलंवतंस?"

"मी वर कवा बघितलंय? तुमी तोडला."

"मी टोप घातलावता. मला काय दिसतंय?"

दोघींनी पाल्याकडे बघितलं. हिरवा पाला. त्यात हिरवे देठ, हिरवे तणावे, सगळं बारीक, सगळं वळलेलं. आणि ते हलत होतं.

"एसी बंद करा," मी म्हणाले.

"का?"

"थंडी वाजतीया."

एसी बंद झाला. पाला थांबला. मग टोकाकडचं एक पान उचललं गेलं आणि पुन्हा खाली बसलं. गाडीचा हादरा असेल, दुसरं काय असणार, असं मी स्वतःला सांगितलं. मी स्वतःला पुष्कळ काही सांगितलं. ओरडावं तर फौजी ब्रेक मारणार आणि पडवळाचे दोन तुकडे. न ओरडावं तर तो पुढच्या सीटवरून सरळ त्यांच्या मानेवर. मांडव की मान, असा हिशेब मी कराडपर्यंत करत होते, आणि मला सांगायला लाज वाटते की तो सुटायला बराच वेळ लागत होता. फौजी जुनी गाणी गुणगुणत होते. कराडच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, दर थोड्या अंतरावर गाडी बाजूच्या रस्त्यावर उतरायची, खड्ड्यात आदळायची, पुन्हा वर चढायची. दर आदळ्याला आक्का पाइप धरायची आणि मी आक्काला.

एका आदळ्याला पाल्यातून काहीतरी बारीक, गार, हिरवं निघालं आणि आक्काच्या मनगटाभोवती वळलं. माणदेशच्या त्या बाईनं तोंडातून आवाज काढला नाही. नुसते डोळे मिटले आणि ओठ हलवत कुलदैवताला हाक घातली असावी. मी बघितलं. तणावा होता. वेलाचा तणावा. तो सोडवायला मला किती धीर गोळा करावा लागला म्हणून सांगू! सोडवला, तर आक्का डोळे न उघडताच म्हणाली, "मेले का मी?"

"काय म्हणल्या वहिनी?" पुढून फौजी.

"सातारा आला का म्हणल्या."

मैदानावर पाइप उतरवला. मंडपातल्या टेबलाशी आम्ही एकेक पान दोन बोटांच्या चिमटीत धरून असं काही बाजूला केलं की नोंदणीवाला म्हणाला, "ताई, जपायचं ते पडवळाला जपा, पाल्याला काय!" शेवटचं पान निघालं. नव्हता. पडवळ मात्र अखंड होतं, टोकापर्यंत. मला हायसं वाटलं, ते टेबलापासून खुर्चीपर्यंत टिकलं. इथं नाही म्हणजे घरी आहे.

परीक्षकांनी टेप लावला. सरळपणा बघितला, रंग बघितला, डंखाचा डाग शोधला. पहिला नंबर लोणंदकडच्या एका गृहस्थाच्या पडवळाला गेला, ते परीक्षकापेक्षाही उंच होतं. दुसराही दुसरीकडे गेला. तिसऱ्याला आमच्या गावाचं नाव पुकारलं, तेव्हा आक्का मोठ्यानं रडत होती.

फौजी हनुवटी खाजवत म्हणाले, "तिसरा म्हंजे काय नंबर न्हवं."

आक्कानं डोळे पुसले. "भावजी, नंबर आला तर मांडव ऱ्हाईल, असं बोललासा. कितवा ते बोलला न्हाईसा."

तेवढ्यात माणसं मोबाईल घेऊन जमली. "हे कुणाचं हो?" कुणीतरी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत फौजी पडवळाशेजारी सावधान उभे राहिले. "आमचं. घरच्या मांडवातलं. या की एकदा बघायला." फोटो निघाले. दगड कसा बांधायचा, खड्डा कसा खणायचा, हे त्यांनी चारचौघांना समजावून सांगितलं, आणि बऱ्यापैकी बरोबर सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडीला शेड दुसऱ्या बाजूला घालू, फाटक थोडं सरकवू, असं आपणहून बोलले. आक्कानं माझा हात दाबला. मांडव राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसदारी गेले, तर फौजी माझ्याआधी मांडवात. प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, पायावर पाय टाकून, मोबाईलवर कालचे फोटो एकेकाला पाठवत बसलेले. इतक्या वर्षांत हा माणूस मांडवाखाली कधी बसला नव्हता. आमच्या फौजींना पुढून मागपर्यंत टक्कल आहे. पानांतून ऊन आत येत होतं आणि ते टक्कल मांडवाच्या मधोमध असं लकाकत होतं की मला दुसरं काही दिसेना.

आक्का तिच्या दारात आली. तिनं बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. मी वर मोजायला लागले. एक कापून नेलेलं, म्हणजे सहा हवीत. पाल्यामागं नीट दिसत नव्हतं. सहा. का सात?

"सांगू का त्यांस्नी?" मी ओठांनी विचारलं.

आक्कानं हातानं जेसीबीचं फावडं करून दाखवलं. मग स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं. मग दोन्ही हात पसरले. म्हणजे तुझं तू बघ.

"अगं, चहा आण की हितंच," फौजींनी हाक मारली. "लय गार वाटतंय हितं."

मी चहा ठेवला. उकळेपर्यंत खिडकीतून बघत राहिले. कप ट्रेमध्ये ठेवला आणि निघाले. माझं डोकं उघडं होतं, हे मांडवाच्या पहिल्या खांबापाशी लक्षात आलं, पण आता परत फिरायचं म्हणजे त्यांना तेवढा वेळ एकट्याला सोडायचं. कप त्यांच्या हातात दिला. मग खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिले आणि तो मोठा स्टीलचा ट्रे दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर धरला.

"काय करतीयास?"

"ऊन येतंय तुमास्नी."

"मांडवात?"

"पानातनं येतंय. तुमी प्या निवांत."

त्यांनी एक भुरका मारला. समाधानानं म्हणाले, "आता रोज हितंच बसायचं." मी ट्रे टकलाच्या आणखी जवळ आणला, आणि वरच्या पानांत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. मी वर बघितलं नाही.